पेट्रोल संपलं तरी टाकी फुल दाखवतोय! होडीचा डिजिटल डिस्प्ले बदलू की दुरुस्त होईल?

दांडीवाला

नमस्कार मंडळी. मालवणात माझी २६ फुटी फायबर होडी आहे, मागे ११५ एचपीचं फोर स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बाहेरून लावलेलं इंजिन. पर्यटकांना किल्ल्याच्या बाजूला स्नॉर्केलिंगला नेतो. स्टिअरिंगसमोर एक डिजिटल डिस्प्ले आहे. आरपीएम, इंजिनाचं तापमान, बॅटरी व्होल्ट, पेट्रोल, सगळं त्यावरच दिसतं. शेजारी जीपीएसचा स्क्रीन आहे, तोही त्याच नेटवर्क केबलवर.

पावसाळ्यात होडी वर काढून शेडमध्ये ठेवली होती. डिस्प्ले काढून घरी कपाटात ठेवला होता. सप्टेंबरात होडी पाण्यात घातली आणि तेव्हापासून तीन त्रास सुरू झाले.

पहिला, सेल्फ मारला की डिस्प्ले मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. रोज नाही, काही दिवशी.

दुसरा, चालत्या होडीत आरपीएमच्या जागी मध्येच नुसत्या रेघा येतात. चार-पाच सेकंदांनी आकडा परत येतो. लाटेवर जास्त.

तिसरा सगळ्यात वाईट. मेकॅनिकला दाखवल्यावर त्याने डिस्प्ले फॅक्टरी रिसेट करून दिला. त्यानंतर तीन दिवसांनी किल्ल्यामागे पेट्रोल संपलं. डिस्प्लेवर टाकी फुल! दुपारी आकडा बघून मला वाटलं पुतण्याने मधल्या फेरीत भरलं असेल. होडीत आठ माणसं, त्यात दोन लहान मुलं. मित्राने दोरी बांधून ओढून आणलं म्हणून निभावलं. त्या दिवशी वारा असता तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

मेकॅनिक म्हणतो डिस्प्ले गेला, नवा टाका. खर्च चाळीस हजारांच्या पुढे. सीझन तोंडावर आहे. काय करू?

खाडीकाठ

घाई करू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या होडीत डिस्प्ले असाच बंद-चालू व्हायचा. मी ऐकून नवा घेतला. तीन आठवडे नीट चालला, मग नवाही तसाच करायला लागला. जुना अजून घरी आहे आणि तो चांगला आहे हे आता कळलंय.

रापणकर

माका पण गेल्या वरसाक असोच त्रास झालो. बॅटरीचे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे कडे, काढून पॉलिश पेपर मारलो, बरा झाला. आधी ता कर.

जुना_ईटीओ

मी मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता रत्नागिरीत असतो. दांडीवाले, डिस्प्ले विकत घेण्याआधी दीड-दोन हजारांचा बरा मल्टीमीटर घ्या आणि दोन दिवस द्या.

एक गोष्ट मनात पक्की करा. हे तीन त्रास एकाच वेळी दिसले म्हणून त्यांचं कारण एकच असेल असं नाही. तिन्ही वेगवेगळे धरून चला. डिस्प्ले हा या साखळीतला शेवटचा आणि सगळ्यात नीट सील केलेला भाग असतो. त्याच्या मागे दहा-बारा जोड असतात आणि त्यातला प्रत्येक जोड खाऱ्या हवेत उघडा असतो. तुम्ही तर डिस्प्ले घरी कपाटात ठेवला होतात. पावसाळा काढला तो वायरिंगने.

पहिल्या त्रासापासून सुरू करा. तुमची ती केबल एनएमईए २००० नावाच्या पद्धतीची असावी. पाच वायरी असतात: लाल प्लस, काळी मायनस, पांढरी आणि निळी निरोप नेणाऱ्या, आणि एक उघडी तार शिल्डची. हे नेटवर्क ९ ते १६ व्होल्टवर चालतं. ९ च्या खाली गेलं की उपकरणं बंद पडतात.

आता मोजायचं कसं. नुसती बॅटरी मोजून १२.६ दिसले म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. भार नसताना गंजलेला जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. करंट वाहायला लागला की तोच जोड व्होल्ट खातो. म्हणून:

बिल्ज पंप (होडीच्या तळाचं पाणी उपसणारा), दिवे, जे काही आहे ते सगळं चालू करा. बॅटरीच्या खांबांवर व्होल्ट मोजा, लगेच डिस्प्लेच्या मागे लाल-काळीत मोजा. मग मीटरची एक सळी बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी डिस्प्लेच्या काळ्या वायरला लावा. इथे शून्याच्या जवळ यायला हवं, ०.२ च्या वर गेलं तर निगेटिव्हच्या वाटेत खोट आहे. तसंच प्लसच्या बाजूने करा. शेवटी कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि पुन्हा वाचा.

आकडे इथे लिहा. आणि कृपा करून इंजिन चालू असताना बॅटरीचा मास्टर स्विच बंद करून बघू नका. बॅटरी सुटली की चार्जिंगचा झटका सरळ डिस्प्लेत आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये जातो. मग खरंच नवा घ्यावा लागेल.

दांडीवाला

काका, मनापासून आभार. आज सकाळी मोजलं, पुतण्याने वहीत लिहून घेतलं:

सगळं बंद असताना बॅटरी १२.६, डिस्प्लेकडे १२.५.
पंप आणि दिवे चालू: बॅटरी १२.६, डिस्प्लेकडे १०.३.
प्लसच्या वाटेत ०.३, मायनसच्या वाटेत २.०.
पंप-दिवे चालू ठेवून सेल्फ: बॅटरी १०.५, डिस्प्लेकडे ८.४. डिस्प्ले मेला.
पंप-दिवे बंद करून सेल्फ: डिस्प्ले जिवंत राहिला!

जुना_ईटीओ

शाब्बास, वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. आता आकडे स्वतःच बोलतायत. बॅटरी ठीक आहे, सेल्फ मारताना १०.५ म्हणजे चांगलीच आहे. निगेटिव्हच्या वाटेत २ व्होल्ट अडकतायत. तुमचा पंप, दिवे आणि डिस्प्ले एकाच निगेटिव्ह पट्टीवर जोडलेले असणार आणि त्या पट्टीपासून बॅटरीकडे जाणारी वायर किंवा तिचं थिंबल खराब असणार. पंप ऑटोमॅटिक आहे ना? रात्री होडीत पाणी साचलं की सकाळी तुम्ही सेल्फ मारता तेव्हा पंप चालू असतो. म्हणून 'काही दिवशी'.

दांडीवाला

हो, ऑटोमॅटिक आहे! पाऊस पडलेल्या रात्रीनंतरच व्हायचं, आता लक्षात येतंय. उद्या पट्टी उघडतो.

हर्णै_बंदर

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या डिझेल बोटीत इनबोर्ड इंजिन आहे, साधं डिजिटल आरपीएम मीटर. रेस वाढवली की आकडा चढायच्या ऐवजी खाली येतो. इंजिनाचा आवाज तर चढलेला असतो. हेही वायरिंगच का?

जुना_ईटीओ

तुमच्या मीटरला सिग्नल अल्टरनेटरच्या, म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, मागच्या 'डब्ल्यू' टर्मिनलवरून येत असणार. म्हणजे मीटर इंजिन मोजत नाही, अल्टरनेटरचं फिरणं मोजतं. आधी बेल्ट बघा. ढिला किंवा झिजलेला बेल्ट जास्त रेसवर घसरतो, अल्टरनेटर मागे पडतो, आकडा उतरतो. चार्जिंगही त्याच वेळी कमी होत असेल तर नक्कीच बेल्ट.

दांडीवाला

उघडली. फोटो चढत नाहीये, म्हणून लिहूनच सांगतो. पट्टी वरून ठीक दिसत होती. बॅटरीकडे जाणाऱ्या वायरचं थिंबल हाताने हलवलं तर हातातच आलं. आतून सगळं हिरवं कळकलेलं. वायर सोलली तर तांबं काळं. चार इंच कापलं तरी काळं, आठ इंच कापलं तरी काळं. शेवटी पूर्ण वायर नवी टाकली.

एक कळत नाही. होडी जूनपासून शेडमध्ये होती. पाण्याचा थेंब लागला नाही. मग एवढा कळक आला कुठून?

वेसावची_लेक

याचं उत्तर मी देते. माझ्या बाबांची वेसाव्याला बोट आहे आणि माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळे घरी हा विषय रोजचा.

होडी वर काढताना त्या पट्टीवर मिठाचे बारीक कण बसलेलेच होते. मिठाचा गुण असा की हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. स्वयंपाकघरातलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं ना, तेच. म्हणजे शेडमध्ये होडी कोरडी दिसत होती, पण त्या थिंबलवर तीन महिने खारं पाणी बसून होतं. पुढे ते पाणी वायरच्या तारांमधून आत चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून तुम्हाला आठ इंच कापूनही काळंच दिसलं.

म्हणून होडी वर काढल्यावर आम्ही पहिल्याच दिवशी बॅटरी सोडवतो आणि सगळे जोड गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसतो. मग पूर्ण वाळवून वर पातळ ग्रीस लावतो. मीठ गेलं तर दमट हवा काही करू शकत नाही.

नवी वायर कुठली टाकलीत? घरगुती वायरिंगचं साधं तांबं असेल तर दोन सीझनांत हेच पुन्हा होईल. कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायर घ्या. दिसायला चंदेरी असते.

दांडीवाला

ताई, साधीच टाकली होती. कुडाळहून मुलामावाली मागवतो. पण सेल्फचा त्रास गेला! पंप चालू ठेवून दहा वेळा सेल्फ मारला, डिस्प्ले हलला नाही. पंप-दिव्यांसह डिस्प्लेकडे १२.४.

रेघा मात्र अजून येतात.

रापणकर

थिंबल नुसतो पक्कडीन दाबू नकोस, बरी क्रिंपिंगची पक्कड घे. वर गोंदवाली स्लीव्ह घाल आणि तापव.

वेसावची_लेक

रापणकरदादा बरोबर सांगतायत. स्लीव्ह आतून गोंद असलेलीच घ्यायची, साध्या स्लीव्हमधून पाणी आत जातं. आणि नुसतं सोल्डर करून सोडू नका. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि होडीच्या थरथरीने त्याच्या कडेला तार तुटते.

आता रेघा. आकड्याऐवजी रेघा येतात याचा अर्थ डिस्प्ले जिवंत आहे, त्याला इंजिनाकडून निरोप मिळत नाहीये. निरोप पांढऱ्या आणि निळ्या वायरीवरून जातो, सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने. या मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना एकेक टर्मिनेटर लागतो. आत १२० ओहमचा रेझिस्टर असतो. तो नसला तर सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि पुढच्या निरोपात मिसळतो, डोंगरासमोर ओरडल्यावर आपलाच आवाज परत येऊन बोलणं कळेनासं होतं तसं.

तपासणं सोपं आहे. नेटवर्कची पॉवर पूर्ण बंद करा. डिस्प्लेचा प्लग काढा. त्या केबलच्या प्लगमध्ये पाच पिना दिसतील. मधली निळीची. पांढरीची कुठली ते केबलच्या कागदावर बघा, चौथ्या क्रमांकाची असते. या दोघींत ओहम मोजा.

६० च्या आसपास आलं तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत (दोन १२० समांतर म्हणजे ६०).
१२० आलं तर एक गायब आहे.
४० आलं तर कुणीतरी तिसरा लावलाय.

पॉवर बंद हे विसरू नका, नाहीतर भलतंच वाचाल.

दांडीवाला

११९.

वेसावची_लेक

मग एक टोक उघडं आहे. दोन्ही टोकं शोधा. डिस्प्लेच्या मागे आडव्या टी जोडांची रांग असेल, तिच्या शेवटच्या टीवर काय आहे?

दांडीवाला

शेवटच्या टीवर काळी टोपी आहे. इंजिनाकडच्या टोकालाही काळी टोपी. दोन्ही सारख्याच दिसतात. मग कुठली खोटी?

वेसावची_लेक

दोन्ही काढा आणि त्यांच्या आतल्या मधल्या आणि चौथ्या पिनेत ओहम मोजा. टर्मिनेटर असेल तर १२० येईल. नुसती धुळीची टोपी असेल तर आत पिनाच नसतील.

दांडीवाला

सापडलं! इंजिनाकडची खरी, १२०. डिस्प्लेकडची नुसती प्लास्टिकची टोपी. जूनमध्ये डिस्प्ले काढताना खरा टर्मिनेटर डिस्प्लेबरोबर घरी गेला आणि कपाटातल्या डब्यात राहिला. सप्टेंबरात जोडताना पुतण्याच्या हातात टोपी आली, ती बसली, कुणाला शंका आली नाही. खरा आत्ता डब्यात मिळाला. लावल्यावर ६०.

पण ताई, टर्मिनेटर नसताना मग बऱ्याच वेळा चालत कसं होतं?

वेसावची_लेक

तुमची केबल लहान आहे, सात-आठ मीटर असेल. ही पद्धत १०० मीटरपर्यंतच्या मुख्य केबलसाठी आखलेली आहे, तेव्हा एवढ्या आखूड केबलवर एकाच टर्मिनेटरने बरंच काम निभावतं. त्यात दुसरा जरासा कच्चा जोड लाटेवर हलला की निरोप तुटतो. म्हणूनच हा दोष माणसाला फसवतो, पूर्ण बंद पडला असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता.

त्या टर्मिनेटरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. मी आमच्या बोटीत लावलाय.

दुबई_मरीना

मी दुबईत मरीनामध्ये बोटींचं इलेक्ट्रिकल काम करतो, मूळचा देवगडचा. धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे 'स्क्रीन गेला' म्हणून येणाऱ्या तक्रारींत दोन गोष्टी वारंवार असतात, त्या तुमच्याकडेही होतील म्हणून लिहितो.

एक, भर दुपारी स्क्रीन काळा पडतो आणि संध्याकाळी आपोआप बरा होतो. एलसीडीतला द्रव एका मर्यादेपलीकडे तापला की आपली रचना सोडतो आणि त्या जागी डाग पडल्यासारखं दिसतं. थंड झाला की पूर्ववत. स्क्रीन बदलायचा नाही, त्यावर सावली करायची. बोट उभी असताना पांढरं झाकण घालायचं, काळं नको. आणि झाकण नाही म्हणून रोज उन्हात राहिलेल्या स्क्रीनचा वरचा थर कालांतराने खरंच जळतो, तो मग परत येत नाही.

दुसरी गोष्ट गॉगल. एलसीडीमधून येणारा उजेड एकाच दिशेने आंदोलित असतो, आणि पोलराइज्ड गॉगल नेमका एका दिशेचा उजेड अडवतो. दोन्ही जुळले की स्क्रीन पूर्ण काळा दिसतो. मान तिरकी केली की परत दिसतो. मागे एका बोटीचा कॅप्टन तक्रार घेऊन आला होता, त्याच्या खलाशाला मात्र स्क्रीन नीट दिसत होता. गॉगल काढायला सांगितल्यावर काम झालं.

पुसताना खिडक्यांच्या काचेसाठीचा अमोनियावाला स्प्रे वापरू नका, वरचा चकाकी अडवणारा थर निघतो. गोडं पाणी आणि मऊ सुती कापड. आधी पाणी ओतून मिठाचे कण वाहू द्या, मग पुसा, नाहीतर तेच कण ओरखडे काढतात.

खाडीकाठ

काचेच्या आतून धुकं येतं त्याचं काय? माझ्या जुन्या डिस्प्लेत सकाळी येतं, दहाला जातं.

दुबई_मरीना

येऊन जातं तोवर चालवा. पाण्याचे थेंब दिसायला लागले किंवा धुकं दिवसभर राहिलं तर सील गेलंय. हेअर ड्रायरने तापवू नका, सील आणखी सुटतं. आणि होडी धुताना प्रेशरचा पाइप डिस्प्लेवर मारू नका. त्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ १ मीटर स्थिर पाण्यात ३० मिनिटं. जोराच्या धारेची हमी त्यात नाही.

दांडीवाला

दोन दिवस पाण्यात फिरवून आलो. रेघा गेल्या. इतकं हलकं वाटतंय की काय सांगू.

आता पेट्रोल. याचीच मला खरी भीती आहे. डिस्प्ले आत्ता ४८ टक्के दाखवतोय आणि टाकीत काठी घालून पाहिलं तर खरोखर निम्मी भरते. म्हणजे आता बरोबर दाखवतोय?

जुना_ईटीओ

विश्वास ठेवू नका. निम्म्यावर बरोबर दाखवणं हा पुरावा नाही. टाकी पूर्ण भरा आणि काय दाखवतो ते सांगा.

दांडीवाला

पूर्ण भरली, काठोकाठ. डिस्प्ले: १२ टक्के. भरताना आकडा माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेला.

जुना_ईटीओ

आता कळलं. तो उलटा वाचतोय.

टाकीत तरंगणारा सेंडर असतो, त्याचा रेझिस्टन्स पातळीप्रमाणे बदलतो. जगात दोन पद्धती जास्त चालतात. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३. युरोपियन पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. एक चढती, एक उतरती. निम्म्या टाकीला दोन्हींचा आकडा १०० च्या जवळपास येतो, म्हणून निम्म्यावर तुमचा डिस्प्ले 'बरोबर' होता.

तुमचा सेंडर बहुधा अमेरिकन पद्धतीचा आहे. फॅक्टरी रिसेटने डिस्प्लेचं सेटिंग युरोपियनवर गेलं असावं. टाकी रिकामी होत गेली, सेंडर २४० कडे चढत गेला आणि डिस्प्लेने त्याला फुल म्हटलं. त्या दुपारी तो आकडा तुम्हाला म्हणूनच फुल दिसला.

खात्री करून घ्या, पण टाकीजवळ नाही. पेट्रोलच्या वाफेत ठिणगी नको. सगळं डिस्प्लेच्या टोकाला करा, बिल्ज उघडून हवा खेळू द्या. सेंडरची वायर डिस्प्लेच्या मागून सोडवा आणि स्क्रीन बघा. वायर सुटल्यावर अमेरिकन सेटिंग असेल तर रिकामी दाखवेल, युरोपियन असेल तर फुल. मग सोडवलेल्या वायरवर, निगेटिव्हच्या संदर्भाने, ओहम मोजा.

दांडीवाला

वायर सोडवल्यावर फुल दाखवतो. सोडवलेल्या वायरवर ३६ ओहम, टाकी भरलेली आहे.

जुना_ईटीओ

झालं तर मग. सेंडर चांगला, वायर चांगली, डिस्प्ले चांगला. सेटिंगमध्ये इंधन सेंडरचा प्रकार २४०–३३ करा.

दांडीवाला

केलं. ९८ टक्के.

काका, हे वाचून हात थरथरले. एक सेटिंग. आठ माणसं होडीत होती.

वेसावची_लेक

दादा, यापुढे कुणीही रिसेट केलं तर आधी सगळ्या सेटिंगचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. आणि पुढच्या टाकीपर्यंत तरी काठीने मोजा आणि वहीत लिटर लिहा. टाकी बहुतेक तळाशी निमुळती असते, त्यामुळे निम्म्याच्या खाली आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. डिस्प्लेत टाकीच्या आकाराप्रमाणे आकडे भरायची सोय असेल तर दर दहा लिटरला थांबून ते भरा. एक संध्याकाळ जाते, पण मग आकड्यावर विसंबता येतं.

हर्णै_बंदर

बेल्टच होता. नवा टाकला, मीटर सरळ. जुना काढला तर आतून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. ईटीओ काका, आभार.

दांडीवाला

शेवटचं एक राहिलंय. व्हीएचएफ रेडिओवर बोलायला बटण दाबलं की डिस्प्ले थरथरतो, आकडे उड्या मारतात. बटण सोडलं की शांत.

जुना_ईटीओ

दोन शक्यता. २५ वॉटवर बोलताना सेट ५-६ अँपिअर ओढतो, तेव्हा एकतर व्होल्ट पडत असतील किंवा अँटेनाच्या केबलमधून लहरी बाहेर गळत असतील. बटण दाबून डिस्प्लेचे व्होल्ट बघा, मग सेट १ वॉटवर करून तेच करा. चाचणीसाठी १६ नंबर चॅनेल वापरू नका, ते संकटासाठी मोकळं ठेवायचं.

दांडीवाला

२५ वॉटवर व्होल्ट १२.५ वरून १२.४, म्हणजे पडत नाहीत. आकडे तरी उडतात. १ वॉटवर काहीच होत नाही.

दुबई_मरीना

मग लहरीच. अँटेनाच्या केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर उघडा. केबलवरची तारांची जाळी सुटलेली किंवा हिरवी झालेली असेल. आणि अँटेनाची केबल नेटवर्क केबलला टायने एकत्र बांधलेली आहे का?

दांडीवाला

दोन्ही. जाळीच्या दोनच तारा उरल्या होत्या आणि केबल्स पूर्ण लांबी एकत्र बांधलेल्या. नवा कनेक्टर बसवला, केबल दुसऱ्या बाजूने नेली. आता २५ वॉटवरही डिस्प्ले स्थिर. आणि मित्र म्हणतो माझा आवाज आधी देवबागपर्यंत तुटक यायचा, आता स्वच्छ येतो. म्हणजे संकटात हाक मारली असती तर तीही नीट पोचली नसती.

सगळा खर्च मिळून तीन हजारांच्या आत: मल्टीमीटर, मरीन वायर, थिंबल, स्लीव्ह, कनेक्टर. जुना डिस्प्ले जागेवरच आहे.

जुना_ईटीओ

खूप बरं वाटलं. होडीत स्टिअरिंगजवळ कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून लावा, पर्यटकांनाही दिसेल असा.

दांडीवाला

लावला, काका. लाल नेलपॉलिशचा ठिपकाही पडला, पुतण्याने स्वतः लावला. उद्या सकाळी आठची पहिली फेरी आहे, टाकी काठीने मोजूनच सोडणार.